‘तेव्हा असंच होतं’? नव्हतं राव!

एक छोटी टेस्ट घ्या. पेन-पेपर नको, मनातल्या मनात सोडवा. ‘फ्रेंड्स’मधले ते सहा जण सोडून तुम्हाला आठवणारी बाकीची पात्रं सांगा.

गंथर आठवला असेल. जॅनिस तर तिच्या त्या हसण्यासकट आठवली असेल. मोनिकाचा मिशीवाला रिचर्ड, फीबीचा माइक, रॉसची लंडनवाली एमिली, त्याची पहिली बायको कॅरल आणि कॅरलची सुझन. ज्यांची पारायणं झालीयेत, त्यांनी एव्हाना पंधराएक नावं सहज काढली असतील. आता याच यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. यात गोरं नसलेलं कोण आहे?

बहुतेकांची गाडी इथे अडते. थोडं डोकं खाजवल्यावर कुणाला तरी चार्ली आठवते. आधी जोईची आणि मग रॉसची गर्लफ्रेंड झालेली, जीवाश्मांचा अभ्यास करणारी प्राध्यापक. ऐशा टायलरने केलेलं हे पात्र मालिकेत आलं २००३ साली, म्हणजे मालिका सुरू होऊन आठ वर्षं उलटून गेल्यावर. ती दिसली नऊ भागांत. मालिकेचे एकूण भाग किती? २३६.

आता दुसरा आकडा. ‘फ्रेंड्स’ घडते न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये. २०००च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहरात हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं प्रमाण होतं साधारण ३५ टक्के. मॅनहॅटन त्या मानाने जास्त गोरं, पण तिथेही हा आकडा निम्म्याच्या आतच होता. म्हणजे खऱ्या शहरात कुठल्याही कॅफेत शिरलात, तरी निम्मी गर्दी कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक किंवा आशियाई वंशाची असण्याची शक्यता. सेंट्रल पर्कच्या त्या नारिंगी सोफ्याच्या आजूबाजूला मात्र दहा वर्षं कॉफी प्यायला येणारे जवळजवळ सगळेच गोरे.

हे कुणी बोलून दाखवलं की पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. कट्ट्यावर असो, होस्टेलच्या रूमवर असो, एक जण म्हणतो, ‘अरे, कॉमेडी आहे यार, एन्जॉय कर ना.’ दुसरा म्हणतो, ‘आता सगळ्यातच रंग बघायचा का?’ आणि तिसरा, जो जरा समजूतदार असतो, तो ते प्रसिद्ध वाक्य टाकतो, ‘बरोबर आहे, पण तेव्हा असंच होतं. नव्वदच्या दशकातली मालिका आजच्या चष्म्यातून कशाला बघायची?’

हे तिसरं वाक्य ऐकायला फार शहाणं वाटतं. वाद तिथेच मिटतो, कारण काळाला दोष दिला की कुठल्याच माणसाला द्यावा लागत नाही. म्हणून आज फक्त या एका वाक्याबद्दल बोलू. कारण तेव्हा असंच नव्हतं.

गुरुवार, रात्री साडेआठ

‘फ्रेंड्स’चा पहिला भाग एनबीसी या चॅनेलवर लागला २२ सप्टेंबर १९९४ला. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९९३मध्ये, फॉक्स चॅनेलवर एक कॉमेडी सुरू झाली होती. तिचं नाव ‘लिव्हिंग सिंगल’. गोष्ट काय? विशीतले सहा मित्र-मैत्रिणी, चार मुली आणि दोन मुलगे. शहर न्यूयॉर्क. एकाच इमारतीत खाली मुलींचं घर आणि वर मुलांचं. कुणाच्याही घरात कुणीही कधीही घुसतं. नोकरीची रडगाणी, प्रेमाची लफडी, भाड्याची चिंता. त्यातली एक, मॅक्स, राहते दुसरीकडेच, पण कायम मैत्रिणींच्या फ्रिजमध्ये डोकं घालून उभी. ओळखीचं वाटतंय ना?

फरक एवढाच, की ही गोष्ट मॅनहॅटनऐवजी ब्रुकलिनमध्ये घडते आणि हे सहाही जण कृष्णवर्णीय आहेत. क्वीन लतिफाने साकारलेली खदिजा स्वतःचं मासिक चालवते. मॅक्स वकील आहे, काइल शेअर बाजारात आहे, ओव्हरटन इमारतीची दुरुस्ती बघतो. ही मालिका उभी केली यिव्हेट ली बाउझर हिने. तीसुद्धा कृष्णवर्णीय. पाच सीझन चालली, ११८ भाग झाले.

आता गंमत बघा. १९९४ सालच्या त्या सप्टेंबरमध्ये ‘फ्रेंड्स’ लागायची गुरुवारी रात्री साडेआठला. आणि ‘लिव्हिंग सिंगल’? गुरुवारी रात्री साडेआठलाच. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन चॅनेलवर, एकाच शहरातले सहा-सहा मित्र. एकीकडे सगळे गोरे, दुसरीकडे सगळे कृष्णवर्णीय. आणखी एक धक्का घ्या. दोन्ही मालिका बनवणारी कंपनी एकच, वॉर्नर ब्रदर्स टेलिव्हिजन.

कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये ‘लिव्हिंग सिंगल’ कमालीची लोकप्रिय होती. पण जगभर गेली ती ‘फ्रेंड्स’. ६ मे २००४ला तिचा शेवटचा भाग एकट्या अमेरिकेत सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला. शेवटच्या दोन सीझनमध्ये सहाही कलाकारांना भागामागे प्रत्येकी १० लाख डॉलर मिळत होते. आपल्याकडे एफसी रोडवर टी-शर्ट मिळतो तो ‘फ्रेंड्स’च्या ठिपकेवाल्या नावाचा. ‘लिव्हिंग सिंगल’चं नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. आपल्या मालिकेच्या वाट्याला तशी जाहिरात आणि तसे लाड कधी आले नाहीत, हे ‘लिव्हिंग सिंगल’च्या कलाकारांनी नंतर बोलूनही दाखवलं.

मग ‘तेव्हा असंच होतं’ म्हणजे नक्की कसं होतं? न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय तरुणांची कॉमेडी लिहिता येते, ती चालते, लोक ती आवडीने बघतात, हे तेव्हा माहीत होतं. त्याच कंपनीला माहीत होतं. माहिती सगळी हाताशी होती, तरीही एक निवड केली गेली. आणि निवड माणसं करतात, दशकं नाही.

प्रेक्षक तेव्हाच बोलले होते

दुसरा गैरसमज असा, की हा आक्षेप आजकालच्या पोरांनी काढलेलं खूळ आहे. नेटफ्लिक्सवर नव्या पिढीने जुनी मालिका पाहिली आणि तिला राग आला, अशी ती कहाणी सांगितली जाते. नव्या पिढीने प्रश्न विचारला हे खरंच. पण तो पहिल्यांदा तिने विचारलेला नाही.

१९९५ साली ‘फ्रेंड्स’चे सहाही कलाकार ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात गेले होते. मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. ओप्राने हसत हसत, पण नेमकं बोट ठेवलं. तुम्ही एक कृष्णवर्णीय मित्र जोडा की, मीच येऊन जाईन हवं तर, अशा अर्थाचं ती बोलली. स्टुडिओ हसला. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या टॉक शोमध्ये, देशभरच्या प्रेक्षकांसमोर बोललं गेलेलं हे वाक्य आहे. ते कुणाच्या कानावरच पडलं नाही, असं म्हणता येणार नाही.

१९९९मध्ये प्रकरण हसण्याच्या पुढे गेलं. त्या वर्षी अमेरिकेच्या चार मोठ्या चॅनेलांनी मिळून २६ नव्या मालिका जाहीर केल्या. त्यातल्या एकीतही मुख्य भूमिकेत गोरं नसलेलं माणूस नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९पासून लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने जाहीर निषेध केला, बहिष्काराचा इशारा दिला. मग चॅनेलांची पळापळ झाली. काही मालिकांमध्ये घाईघाईने पात्रं घुसवली गेली, आणि २०००च्या सुरुवातीला चॅनेलांनी सुधारणा करण्याचे करार केले. त्या वर्षी ‘फ्रेंड्स’चा सहावा सीझन चालू होता. चार्ली यायला अजून तीन वर्षं होती.

तेव्हा प्रेक्षक गप्प बसलेले नव्हते. ऐकणाऱ्यांना ऐकायची गरज वाटत नव्हती, कारण टीआरपी जोरात होता.

‘आम्हाला माहीत होतं, तेच लिहिलं’

आता दुसरी बाजू. तीही नीट ऐकू, कारण ती अगदीच फालतू नाही.

फीबीचं काम करणाऱ्या लिसा कुड्रोने २०२२मध्ये एका मुलाखतीत असं मांडलं, की मालिकेचे निर्माते कॉलेजनंतरच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहीत होते. जे आयुष्य ते जगलेच नाहीत, त्याबद्दल त्यांनी कशाला लिहावं? निर्माते म्हणजे मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन. दोघं ब्रँडाइस विद्यापीठात शिकलेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये धडपडलेले.

लिहिणाऱ्याने स्वतःला माहीत असलेलं लिहावं, हा सल्ला तुम्हा-आम्हालाही मराठीच्या पहिल्या निबंधापासून मिळतो. एखाद्या कादंबरीकाराला तो लागू होतो. पण अमेरिकन सिटकॉम एक माणूस बसून लिहीत नाही. तिथे रायटर्स रूम असते. दहा-बारा लेखक एका टेबलाभोवती बसतात, एक जण किस्सा टाकतो, दुसरा त्याला वळण देतो, तिसरा त्यावर पंच काढतो. ‘फ्रेंड्स’ दहा वर्षं चालली. या काळात कितीतरी लेखक आले आणि गेले. ‘आम्हाला ते आयुष्य माहीत नव्हतं’ हे कारण पहिल्या वर्षी चालेल. त्यानंतर प्रश्न असा येतो, की ज्यांना माहीत होतं त्यांना टेबलावर बोलावलं का नाही?

शिवाय या मालिकेतलं असं काय होतं, जे गोऱ्या माणसाशिवाय झालंच नसतं? मोनिका शेफ आहे. चँडलर नक्की काय काम करतो हे त्याच्या मित्रांनाही सांगता येत नाही. जोईला ऑडिशनमधून हाकलतात. रेचेल लग्नाच्या मांडवातून पळून येते आणि वेट्रेस होते. मुंबई-पुण्यात पीजीवर राहणाऱ्या पोरांना हे सगळं आपलंसं वाटतं, ते हे कुठल्याही रंगाच्या माणसाचं होऊ शकतं म्हणूनच. ‘फ्रेंड्स’ सगळ्यांची आहे असं आपण अभिमानाने सांगतो. मग सगळ्यांना तिच्यात जागा का नव्हती, हा प्रश्न त्याच अभिमानातून निघतो.

खुद्द मालिकेशी जोडलेल्या माणसांची उत्तरं कशी बदलत गेली, तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२०मध्ये रॉसचं काम करणारा डेव्हिड श्विमर एका मुलाखतीत म्हणाला, की सगळे कृष्णवर्णीय किंवा सगळे आशियाई असलेली ‘फ्रेंड्स’ यायला हवी. रॉसच्या मैत्रिणी गोऱ्याच नसाव्यात यासाठी आपण तेव्हा प्रयत्न केल्याचंही त्याने सांगितलं. त्यावर ‘लिव्हिंग सिंगल’मधल्या मॅक्सने, म्हणजे एरिका अलेक्झांडरने, त्याला जाहीरपणे आठवण करून दिली, की बाबा, ती मालिका तुमच्या आधीच आली होती. श्विमरला खुलासा करावा लागला. त्याचा हेतू चांगलाच होता. पण शेजारचं घर इतकी वर्षं दिसलंच नाही, हे त्यातून उघडं पडलं.

मार्टा कॉफमनचं उत्तर यायला आणखी दोन वर्षं लागली. ‘फ्रेंड्स’लाच वेगळं काढून झोडपलं जातंय, असं आधी तिला वाटत होतं आणि त्याचा त्रासही होत होता. मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, अमेरिका रस्त्यावर उतरली, आणि तिथून आपण वेगळ्या नजरेने बघायला लागलो, असं तिने सांगितलं. २०२२मध्ये तिने ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाच्या प्राध्यापकपदासाठी ४० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. तेव्हाच्या दराने ३१ कोटी रुपयांच्या आसपास. आपल्याला लाज वाटते, हेही तिने मान्य केलं.

जिने ती मालिका जन्माला घातली, ती स्वतः आता ‘तेव्हा असंच होतं’ या वाक्यामागे लपत नाहीये. मग आपण कुणाच्या वतीने ते वाक्य म्हणत असतो?

एक खुर्ची वाढवून भागत नाही

इथे एक खरी अडचण आहे. प्रेक्षक ओरडले म्हणून एखादं पात्र आणून बसवायचं, हे उत्तर होऊ शकतं का?

‘फ्रेंड्स’मध्येच बघा. २००१मध्ये गॅब्रिएल युनियन एका भागापुरती आली. गोष्ट काय, तर रॉस आणि जोई दोघंही तिच्या मागे लागतात. दोन वर्षांनी चार्ली आली. गोष्ट काय, तर आधी जोई आणि मग रॉस. दोन कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि दोघींना जवळपास एकच कथानक! लिहिणारं टेबल तेच राहिलं, की नव्या चेहऱ्यालाही जुनंच काम मिळतं.

२०१२मध्ये एचबीओवर ‘गर्ल्स’ आली तेव्हा हेच पुन्हा झालं. लेखिका-दिग्दर्शिका-नायिका लीना डनहॅम. वय २५, तुमच्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी. चार मैत्रिणींची गोष्ट, चौघी गोऱ्या, आणि जागा कुठली, तर ब्रुकलिन. तेच ब्रुकलिन, जिथे एकोणीस वर्षांपूर्वी खदिजा आणि मॅक्स राहत होत्या. पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांनी प्रश्नांची सरबत्ती केली. कृष्णवर्णीय मुलींनी लिहिलं, की आम्हीही याच वयाच्या, याच शहरात राहणाऱ्या, अशाच गोंधळलेल्या आहोत, मग आम्ही कुठे आहोत? डनहॅमचं म्हणणं होतं, की मी स्वतःच्या अनुभवातून लिहिलं, आणि दाखवण्यापुरतं पात्र मला घालायचं नव्हतं. दुसऱ्या सीझनला डोनाल्ड ग्लोव्हर नायिकेचा बॉयफ्रेंड म्हणून आला आणि दोन भागांत गेला. त्यावरही टीका झालीच.

मग कुणी म्हणेल, ‘नाही दाखवलं तरी बोलता, दाखवलं तरी बोलता.’ पण प्रेक्षक पहिल्यापासून एकच गोष्ट मागत होते. पाहुणा नको, घरातलं माणूस हवं. ज्याला स्वतःची आई असेल, स्वतःची नोकरी असेल, आणि ज्याला मूर्खपणा करायचीसुद्धा मुभा असेल. कॉमेडीत ही मुभा फार महत्त्वाची. पाहुण्यावर कुणी विनोद करत नाही आणि पाहुणा स्वतःही जपूनच बसतो. म्हणून असं पात्र कधी मजेशीर होत नाही, आणि मग ‘बघा, जबरदस्तीने घुसवलं की असं होतं’ म्हणायला लोक मोकळे.

जमवणाऱ्यांनी हे जमवलंय. २०१३मध्ये ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ सुरू झाली. (हो, पुन्हा ब्रुकलिनच!) पोलीस चौकीचा कृष्णवर्णीय कॅप्टन होल्ट हे त्यातलं सगळ्यात विनोदी पात्र आहे, आणि त्याचा विनोद त्याच्या रंगावर उभा नाही. त्याचा चेहरा कधी हलत नाही, ही त्यातली गंमत. याच मालिकेच्या कास्टिंगचा एक किस्सा आहे. स्टेफनी बिएट्रिझला कळलं, की एका भूमिकेसाठी मेलिसा फुमेरोची निवड झालीये. दोघीही लॅटिना. स्टेफनीने आपला पत्ता कट झाला असंच धरलं, कारण एका मालिकेत दोन लॅटिना कोण घेणार? तिची निवड झाली आणि रोझा डियाझ हे भन्नाट पात्र आपल्याला मिळालं. पण ती भीती लक्षात घ्या. अभिनय कमी पडेल ही भीती नव्हती. ‘आमच्यातली एक जागा भरली, म्हणजे कोटा संपला’ ही भीती होती. गोऱ्या अभिनेत्रीला ऑडिशनला जाताना असा हिशोब कधी करावा लागत नाही.

आपला काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला वाद अमेरिकेत. आपण मजेत बघतो, हसतो, झोपतो.

तर हरी कोंडाबोलूची गोष्ट ऐका. हा स्टँडअप कॉमेडियन वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, आईवडील तेलुगू. ‘फ्रेंड्स’ सुरू झाली तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. त्याच्या लहानपणी अमेरिकन टीव्हीवर भारतीय म्हणून जो एक चेहरा सतत दिसायचा, तो होता ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून कॉमेडीतला दुकानदार अपू. त्याचा तो हेल काढलेला आवाज होता हँक अझारिया या गोऱ्या अभिनेत्याचा. शाळेत देशी पोरांना त्याच हेलात चिडवलं जायचं. हरीने २०१७मध्ये यावर माहितीपट काढला. त्यालाही तेच ऐकावं लागलं, की कॉमेडी आहे, सोडून दे. २०२०मध्ये अझारियाने अपूला आवाज देणं थांबवलं.

त्या शाळकरी पोरांमध्ये मराठी घरातलीही असणार. न्यू जर्सीला नातेवाईक असलेल्या कुणालाही विचारा. त्या पोरांसमोर पडद्यावर दोन पर्याय होते. न्यूयॉर्कमधल्या मित्रांच्या टोळीत आपण नाहीच, आणि जिथे आहोत तिथे आपला हेल हाच जोक. कृष्णवर्णीय प्रेक्षक जे सांगत होते, ते आपल्या त्वचेला लागलं की लगेच समजतं. २०२०मध्ये मिंडी केलिंगची ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ आली आणि देवीच्या घरातली भांडणं बघून आपण ‘अरे, ही तर आपलीच आई’ म्हणून खिदळलो. तो आनंद आठवा. ओप्रा १९९५मध्ये तेवढंच मागत होती.

आणि आपल्या पडद्याचं काय? आपल्याकडे मोजायला वंश लागत नाही, आडनावं पुरतात. भाषेचा बाजही पुरतो. मराठी विनोदात वर्षानुवर्षं प्रमाण मराठी बोलतो तो नायक, आणि वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी हेल काढतो तो गडी, वॉचमन नाहीतर येडचाप मामा. सावळ्या मुलीची गोष्ट सांगणारी ‘रंग माझा वेगळा’ आली, पण नायिकेला मेकअपने सावळं करावं लागलं. सावळ्या अभिनेत्रींचा महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता का?

उलट उदाहरणंही आपल्याचकडे आहेत. ‘गाव गाता गजाली’मध्ये मालवणी ही अख्ख्या गावाची भाषा होती, एकट्या नोकराची नाही. ‘लागिरं झालं जी’मध्ये साताऱ्याची बोली बोलणारे नायक-नायिका आले आणि घराघरांत ते वाक्प्रचार रुळले. लिहिणारा तेजपाल वाघ त्या बोलीतलाच होता. टेबलावर कोण बसलंय यावर पडद्यावर कोण दिसणार हे ठरतं, हा नियम बरबँकला लागू आहे तसा गोरेगावलाही.

आता हे सगळं वाचून ‘फ्रेंड्स’ बघायची सोडा, असं कुणी म्हणत नाहीये. ज्यांनी सगळ्यात आधी तक्रार केली, त्यातले कितीतरी जण ती मालिका आवडीने बघणारेच होते. २०१७मध्ये जे-झीच्या ‘मूनलाइट’ या गाण्याच्या व्हिडिओत सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी ‘फ्रेंड्स’चा एक आख्खा प्रसंग जसाच्या तसा उभा केला, तोच सोफा, तेच कपडे. मालिका तोंडपाठ असल्याशिवाय असली टीका करता येत नाही. आवडत्या गोष्टीला प्रश्न विचारला म्हणून ती नावडती होत नाही. उलट ज्याला आपण आपलं मानतो, त्यालाच आपण प्रश्न विचारतो.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपमधलं कुणी म्हणालं, की ‘मला यात मी कुठेच दिसत नाही’, तर लगेच मालिकेची वकिली करायला उभे राहू नका. मालिकेला तुमच्या वकिलीची गरज नाही, ती कोट्यवधी डॉलर कमावून बसलीये. बोलणाऱ्याला मात्र ऐकणारं माणूस हवं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम तुमच्याच हातात आहे. तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता पुरुषोत्तमची एकांकिका लिहितंय, कुणी मोबाइलवर स्केच शूट करतंय, कुणी कॉलेजच्या फेस्टसाठी कास्टिंग करतंय. आज रात्री ती पात्रांची यादी काढा. नायक कोण आहे, त्याचं आडनाव काय, तो कुठली भाषा बोलतो, आणि लोकांनी ज्याच्यावर हसायचं तो कोण आहे, हे बघा. लिहायला बसलेल्या टोळीत सगळे एकाच शाळेतले, एकाच पेठेतले असतील, तर वर्गातल्या त्या मागच्या बाकावरच्या पोराला हाक मारा, ज्याचे किस्से तुम्ही कधी ऐकलेच नाहीत.

नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तुमचं काम बघेल, हाच प्रश्न विचारेल, आणि कुणीतरी समजूतदारपणे सांगेल, ‘अरे, तेव्हा असंच होतं.’ तेव्हा म्हणजे आत्ता, बरं का.